ट्रेलरच्या तळाबद्दल थोडक्यात

आदरणीय साडूभाऊ,

धाकट्या साडूचा वाकून नमस्कार. (नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकलो आहे. त्याला कारण आदर नसून कंबर आहे, तो प्रकार पुढे ओघात येईलच.) तुमची प्रकृती कशी आहे? निवृत्त झाल्यावर माणसाला आपल्याला काय काय होतंय हे एकदम कळायला लागतं म्हणतात. तुम्हाला अजून काही कळलं नसेल तर उत्तम, शोधत बसू नका. ताईंचा गुडघा जिने चढताना दुखतो की उतरताना, एवढं मात्र जरूर कळवा, दोन्हींची कारणं वेगळी असतात आणि मी त्यावर वाचलेलं आहे. घर बदलायची बांधाबांध जोरात असेल. तुम्ही बांधता आणि ताई सोडून परत बांधतात असं फोनवर कळलं. तेही योग्यच.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या नव्या घरात एक खोली कमी आणि ती कमी पडलेली खोली नेमकी सासूबाईंची, तेव्हा त्यांनी आमच्याकडे यायचं, हे आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं. सासूबाईंनी एकच अट घातली: कपाट बरोबर हवं. सासऱ्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं, दोन दारांचं, आणि दोघं उचलायला लागले की तिसऱ्याने दवाखान्याचा नंबर शोधून ठेवावा असं ते कपाट. "जिथे कपाट तिथे मी," असं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले होते, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही टेम्पोच्या भाड्याची चौकशी करायला फोन हातात घेतला आणि त्याच क्षणी मी, कुणी विचारलेलं नसताना, "टेम्पो कशाला? आपला ट्रेलर आहे ना!" असं म्हणून गेलो. ते वाक्य म्हणताना मला फार बरं वाटलं होतं. त्यानंतर आजतागायत तितकं बरं वाटलेलं नाही.

ट्रेलर तुम्ही पाहिलेला नाही. गाडीमागे जोडायचा, दोन चाकी, बागकाम सोडून दिलेल्या एका गृहस्थाकडून घेतलेला. घेताना मी चाकं फिरवून पाहिली, आस पाहिला, जोडाची कडी ओढून पाहिली, दिव्याच्या वायरी जिभेला लावायच्याच राहिल्या होत्या. "खाली तळ कसा आहे?" असं मंडळींनी विचारलं होतं. (मंडळी म्हणजे तुमची मेहुणी, समोर असताना मी नावाने हाक मारतो, पत्रात धीर होत नाही.) तळावर जाड रबरी चटई अंथरलेली होती. ज्याने चटई इतकी चांगली ठेवली आहे त्याने तळ वाईट कशाला ठेवला असेल, असा मी तर्क केला. तर्कशास्त्र मी कुणाकडून शिकलेलो नाही.

तुमच्याकडून परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचे निवृत्त हेडमास्तर कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि "यात कपाट राहील का हो?" म्हणाले. माणसाने साधं "राहील" म्हणावं. मी ट्रेलरमध्ये चढलो, "हत्ती नाचवा, मास्तर!" म्हणालो, आणि हत्तीचा नमुना म्हणून उजवा पाय आपटला. पाय चटईसकट खाली गेला. मांडीपर्यंत गेला. म्हणजे एक पाय ट्रेलरमध्ये दुमडलेला, एक पाय जमिनीवर टेकलेला, आणि मधल्या भागाचं काय झालं हे तुम्ही वडीलधारे असल्यामुळे लिहीत नाही. पाय वर ओढला की कुजलेल्या फळीची कुसळं मांडीत घुसत, खाली सोडला तर तोल जाई. हेडमास्तरांनी चाळीस वर्षं मुलांना धीर देण्यात घालवलेली. त्यांनी मला "घाबरू नकोस, उत्तर सोपं आहे," असा धीर दिला आणि नातवाला दाखवायला फोटो काढला. शेवटी मंडळींनी कणीस सोलावं तशी चटई कापून मला बाहेर काढलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कात्रीच्या आवाजावरूनही बरंच कळतं.

तर तळ बदलायचा, हे ठरलं. आता दुसरा कुणी असता तर लाकडाच्या वखारीत गेला असता, बऱ्यापैकी स्वस्त फळ्या आणल्या असत्या, ठोकल्या असत्या आणि मोकळा झाला असता. पण मी कुठलीही गोष्ट अशी अर्धवट करत नाही, हे तुम्ही जाणता. मी आयुष्यात कशाचीच शिकवणी लावलेली नाही. घड्याळ, पंप, शिलाईयंत्र, कंबरदुखी, सगळं माझं मी शिकलो. (आमचं भिंतीवरचं घड्याळ सध्या चालत नाही, पण ते का चालत नाही हे मी तासभर सांगू शकतो. तास मोजायची सोय मात्र तुमची तुम्ही करायची.) वाचनालयातून लाकडावरचं जाडजूड पुस्तक आणलं. लाकूड मेल्यावरही श्वास घेतं, फुगतं, आकसतं, वाकतं, रुसतं, हे त्यात वाचलं आणि स्वतःबद्दल बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला.

मग वखार. तिथला वखारवाला हा माणूस मला आवडतो, कारण तो माझ्यासारखाच कुठल्याही प्रश्नाला "माहीत नाही" म्हणत नाही. सागवानापासून सुरुवात केली. किंमत ऐकली आणि फळी इतकी अलगद जागेवर ठेवली की झोपलेलं मूल उठलं नसतं. मग त्याने पाइन दाखवलं. हलकं, पांढरंशुभ्र, वास असा की फळी उशाशी घेऊन झोपावं. पण नखाने दाबलं तर खळगा पडला. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब, नखाने कोण कपाट नेतं? माझ्या सासऱ्याच्या घराला सगळं हेच लावलंय." निलगिरी पाहिली: वजन भरपूर, पण फळी एका टोकाने उचलली तर दुसरं टोक मान फिरवून बघतं, इतकी पिळलेली. "सुकली की सरळ होते, सासऱ्याकडे हीच आहे." साधं प्लाय पाहिलं, कडेने त्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटत होते. "सासऱ्याकडे..." म्हणून त्याने तोंड उघडलं तेव्हा मीच म्हटलं, "राहू द्या, त्यांनाच एकदा भेटून येतो." खोक्यांच्या फळ्या पाहिल्या, त्यात खिळे फुकट होते. गल्लीच्या टोकाला इमारत पुरी झाली होती, तिथला मुकादम स्लॅबखाली लावलेलं जुनं काळं प्लाय काढून टाकत होता, सिमेंटचे थेंब वाळलेलं. तेही पाहिलं, आणि "हे? छे!" असं म्हणून पुढे गेलो. (हे वाक्य लक्षात ठेवा.)

निर्णय होईना. डोळ्यांनी पाहून ठरवणं हे अडाण्याचं काम, परीक्षा घ्यायला हवी. प्रत्येक लाकडाचा तळहाताएवढा तुकडा मिळवला. बरेच वखारीतून, काही इकडून तिकडून. सगळे एका मापाचे कापले, कडा घासल्या आणि पाण्यात बुडवले. ठरावीक वेळ पाण्यात, मग उन्हात, परत पाण्यात. लाकूड तरंगतं, म्हणून प्रत्येकावर विटेचा तुकडा ठेवला. प्रत्येकाला वेगळं भांडं, कारण एकाचा डिंक दुसऱ्याला लागला तर परीक्षेला अर्थ राहत नाही. आमच्या घरात इतकी पातेली आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि ती कमी आहेत हे मंडळींना लगेच कळलं. काही दिवस आम्ही चहा तांब्यात उकळला. कन्येने कपड्यांची बादली मागितली तर तिला मी निलगिरीची अवस्था नाजूक आहे असं सांगितलं. तिने मैत्रिणीला फोनवर "बाबांनी घरात लाकडं शिजायला घातलीत," असं सांगितलेलं मी ऐकलं. लक्ष दिलं नाही. मोठ्या कामात घरच्यांची साथ अशीच असते.

आता तुकडे ओळखायचे कसे? मी हुशारी केली. कागदी चिठ्ठ्या पाण्यात सुटतील हे मी आधीच ओळखलं होतं. म्हणून प्रत्येक तुकड्यावर रंगाचा ठिपका दिला. सागवान लाल, पाइन पिवळा, निलगिरी निळी, असे. रंग कन्येच्या चित्रकलेच्या पेटीतले घेतले. साडूभाऊ, तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. पाण्यात काय टिकतं हे शोधायला बसलेल्या माणसाने खुणा पाण्यात विरघळणाऱ्या रंगाने केल्या. सकाळी पाहतो तो प्रत्येक भांड्यात मळकट पाणी आणि त्यात कुठलीही खूण नसलेले तुकडे. तरी भांड्यांवरून ओळखता आले असते. पण वाळवायला काढताना मी सगळे एका सुपात काढून मग विचार केला.

त्याच दुपारी मंडळी दोरीवरचे कपडे काढत होत्या. घडी घालता घालता, आवाज न चढवता, म्हणाल्या, "आई नको असेल तर सरळ सांगा. लाकडाच्या आड कशाला लपता?"

बोलता येत नव्हतं, तोंडात खिळे होते. खरं सांगू का साडूभाऊ, सासूबाई याव्यात असं या घरात सगळ्यांत जास्त मला वाटतं. आमच्याकडे मी कशावर बोलायला लागलो की कन्येला अभ्यास आठवतो, मंडळींना दूध उतू जाताना दिसतं (गॅस बंद असला तरी), आणि हेडमास्तर तर चक्क हात वर करून घंटा झाली असं म्हणतात. सासूबाई एकट्या अशा आहेत की त्या माझं शेवटपर्यंत ऐकून घेतात. मागे मी त्यांना पंपाच्या वॉशरबद्दल सगळं सांगितलं, पूर्ण, तर त्या मध्ये एकदाही तोडून बोलल्या नाहीत. (मी बोलायला लागलो की त्या कानातलं यंत्र काढून ठेवतात, असं ताई म्हणतात. मी चौकशी केलेली नाही.) असं माणूस घरात यायचं, तर ते ज्या तळावरून येणार तो तळ कसाबसा ठोकलेला असावा, हे माझ्या मनाला पटेना. हे मंडळींना सांगायचं राहून गेलं. खिळे काढेपर्यंत त्या कपडे घेऊन आत गेल्या होत्या.

तरीही परीक्षेचा निकाल लागला. सुपातल्या तुकड्यांत एक तुकडा असा निघाला की बाकीचे सगळे फुगून, वाकून, फाटून बसलेले आणि हा आपला जसाच्या तसा. कडा धारदार, अंग गुळगुळीत, वाजवला तर खणखणीत. हेच लाकूड! पण हे कुठलं? मी तो रुमालात गुंडाळून वखारवाल्याकडे नेला. त्याने हुंगला, नखाने खरवडला, जिभेलासुद्धा लावला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्याचं नाव न घेता म्हणाला, "हा माल माझ्याकडचा नाही. असलं लाकूड आता येतच नाही." मग त्याने मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न इथे महत्त्वाचा नाही. मी तडक घरी आलो.

आणि मग, साडूभाऊ, ते घर सोडायची तुमची तारीख जवळ आली आणि मी गल्लीच्या टोकाला गेलो. मुकादमाचं ते सिमेंटचे थेंब पडलेलं काळं प्लाय अजून तिथेच होतं. सगळ्यांत स्वस्त होतं, आणि एवढ्या मोठ्या इमारतीचा ओला स्लॅब ज्याने अंगावर झेलला त्याला आपलं कपाट काय जड, असा विचार मला सुचला. (हा विचार मंडळींना पहिल्याच दिवशी सुचला होता. पण तो वाचन न करता सुचलेला, म्हणून मी धरला नव्हता.) चार जणांनी उचलायचं ते प्लाय मी एकट्याने उचलून आणलं, आणि कंबरेचं जे व्हायचं ते तिथेच झालं. पण काम असं केलं आहे की बघत राहावं. थेंब तासले. कडांना तीनदा तेलरंग पाजला. बोल्ट चौकटीतून आरपार, प्रत्येकाखाली रुंद वॉशर, पाणी निथळायला कोपऱ्यांत भोकं, आणि सगळ्या बोल्टांची डोकी एका रेषेत. रेषेत असायची काही गरज नसते. पण माणसाने काही गोष्टी गरज नसताना कराव्यात.

हे पत्र मी त्याच तळावर स्टूल टाकून लिहितो आहे. सकाळपासून इथेच आहे. हेडमास्तर दोनदा येऊन "पाय आपटून दाखवा की," म्हणून गेले, आपटला नाही. माणूस शिकतो. रविवारी सकाळी ट्रेलर घेऊन दारात येतो. कपाट त्याच्या मापाने बसतं, जुन्या सतरंज्या आणि दोर बरोबर आणतो, तुम्ही कशाचीच काळजी करू नका. ताईंना नमस्कार. तुमच्याकडे ऑफिसातल्या पट्ट्या, पेन्सिली वगैरे शिल्लक असतील तर मुलांना माझ्यातर्फे वाटाव्यात. सासूबाईंना एवढंच सांगा, की तळ तयार आहे.

लोभ होताच, तो कपाट पोचेपर्यंत तरी टिकवावा ही विनंती.

आपला,
धाकटा साडू

ता. क. एक लहानशी गोष्ट राहिली. नवा तळ जुन्यापेक्षा बोटभर जाड झाला आहे. त्यामुळे मागचा फाळका, जो खाली पाडून सामान चढवतात, तो पडत नाही. मी स्वतः कडेवरून टांग टाकून आत-बाहेर करतो, त्यात काही अडचण नाही. कपाट मात्र टांग टाकणार नाही. तेव्हा रविवारी चार दणकट माणसं दाराशी असावीत. मला त्यात धरू नका.

आणखी एक, आणि हे पत्र खरं तर याचसाठी आहे. वरचं सगळं विसरलात तरी चालेल. वखारवाल्याने मला जो प्रश्न विचारला तो असा: "साहेब, कुणाचं जुनं कपाट फोडलंत काय?" मागे मी कपाटाची मापं घ्यायला आलो होतो, आणि सासूबाई दुपारच्या झोपल्या होत्या, आणि तुम्ही बाहेरून "अजून मोजताय?" असं विचारलंत, तेव्हा मी मोजत नव्हतो. मधल्या फळीखाली मागच्या बाजूला एक पट्टी होती. परीक्षेत तुलनेला एखादं जुनं, सिद्ध झालेलं लाकूड असावं असं पुस्तकात होतं. माझ्या अभ्यासाप्रमाणे त्या पट्टीवर भार नव्हता, सासऱ्यांनी ती शोभेपुरती लावली असावी, असं मी ठरवलं आणि काढून घेतली. घरी येऊन पुस्तक पुढे वाचलं. सगळा भार तिच्यावरच असतो. त्या फळीवर सासूबाईंचं शिलाईयंत्र आहे. तेव्हा साडूभाऊ, हात जोडतो (दोन्ही, पेन खाली ठेवून), त्या झोपल्या असताना फळीखाली दोन विटा किंवा तुमच्या ऑफिसातले जाड अहवाल सारून ठेवा. आणि हे आपल्या दोघांतच राहू द्या. साडूने साडूची लाज राखायची नाही तर कुणी राखायची? माणसाच्या हातून एखादी पट्टी जाते. ती मी तासून, तेल लावून ठेवली आहे, थोडी आखूड झाली आहे.

भाऊजी, पाकीट चिकटवायला म्हणून पत्र माझ्याकडे आलं. वाचलं, आणि उरलेल्या जागेत मी लिहिते आहे. कपड्यांच्या घड्या घालताना मी जे बोलले ते बोलायला नको होतं. तेही यांना मी सांगणार नाही, कारण सांगितलं तर त्यावर बोलत बसतील.

विटा लावू नका. फळी मागच्या आठवड्यातच खाली आली, ताईचा फोन होता, तुम्हालाही ठाऊक आहेच. यंत्र रजयांवर पडलं म्हणून वाचलं. यांना कळवायचं नाही असं आपलं तिघांचं ठरलं होतं, ते तसंच राहू द्या. टेम्पो मी सांगून ठेवला आहे. तो तुमच्या ओळखीचा होता आणि सहज इकडेच यायला निघाला होता, असं म्हणा. ट्रेलरमध्ये आईच्या गाद्या, उश्या आणि वाकून बसलेल्या त्या दोन वेताच्या खुर्च्या कडेवरून द्या. सामान बरंच दिसेल असं रचा. बोल्ट किती सरळ आहेत हे कुणीतरी आठवणीने म्हणा, खरंच सरळ आहेत. हसायचं नाही.

आईशी फोनवर बोलले. तिला म्हटलं, अगं, तुझ्या कपाटातली पट्टी कोणी काढली माहीत आहे का? तर म्हणाली, "मी जागीच होते. कानातलं यंत्र काढलं होतं, डोळे नव्हते काढले." मग बोलली का नाहीस? तर म्हणे, "इतकं मन लावून काढत होते, माणसाला मध्येच कसं तोडायचं?" स्क्रू आमचे हे खिडकीत विसरून आले होते, ते तिने डबीत घालून उशाशी ठेवलेत. म्हणाली, "पट्टी तिकडे, स्क्रू इकडे. आता मला जायलाच हवं."